बीइंटरव्हल दहाचं त्रांगडं

नॉब फिरवला की पडद्यावरचा आकडा मागे रेंगाळतो, एवढीच तक्रार होती. आमच्या मशीनचं कंट्रोल पॅनल बाहेरून विकत घेतलेलं, यूएसबीने पीसीला जोडलेलं; ते लिनक्सशी बोलवणारा ड्रायव्हर माझा. त्यामुळे पहिला संशय अर्थातच माझ्यावर. पॅनलवाल्यांचं उत्तर पहिल्याच मेलला आलं होतं: "आमच्याकडे नीट चालतंय."

ड्रायव्हर लिहून चार दिवसांत झाला होता. पुढचे तीन आठवडे मी तोच उकरत बसलो. लॉक काढले, वर्कक्यू (कामांची रांग) बदलला, जागोजागी टाइमस्टॅम्प छापले. शेवटी यूएसबीवरची ये-जा टिपणारा यूएसबीमॉन लावला आणि नॉब गरागरा फिरवला. डेटा येत होता, पण दर 64 मिलिसेकंदांनी. माझ्या कोडमध्ये 64 कुठेच नव्हता.

यूएसबी डिव्हाइसांची माहिती दाखवणाऱ्या एलएसयूएसबीच्या आउटपुटमध्ये 'बीइंटरव्हल 10' (डिव्हाइसला किती वेळाने विचारायचं तो आकडा) हे मी निदान वीस वेळा वाचलं असेल. दहा म्हणजे दहा मिलिसेकंद, चला पुढे. फुल-स्पीडला, म्हणजे यूएसबीच्या 12 मेगाबिटच्या जुन्या वेगाला, ते बरोबरही आहे. पण त्याहून वेगवान हाय-स्पीडच्या इंटरप्ट एंडपॉइंटला (ठरावीक वेळाने विचारायच्या डेटाच्या वाटेला) हा आकडा घातांकासाठी असतो: त्यातून एक वजा करायचा, दोनचा तेवढा घात घ्यायचा आणि 125 मायक्रोसेकंदांनी गुणायचं. दहा असेल तर 512 गुणिले 125, म्हणजे 64 मिलिसेकंद. पॅनलवाल्यांनी नवी हाय-स्पीड चिप घेतली आणि डिस्क्रिप्टर (डिव्हाइस स्वतःची माहिती सांगतं तो तक्ता) जुन्या फर्मवेअरमधून, म्हणजे पॅनलच्या आतल्या प्रोग्राममधून, जसाच्या तसा उचलला. हाय-स्पीडला 1 ते 16 सगळे आकडे नियमात बसतात, म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलही कुरकुरत नाही.

मी हा हिशेब मेलमध्ये मांडला. उत्तर: "आमच्या टेस्ट बेंचवर आकडे दहाच्या आत येतात, तुमचा होस्ट तपासा." होस्ट म्हणजे पीसी. तो तपासला, तीन वेगळे पीसी लावले, लॉग पाठवले. पुन्हा तेच, या वेळी स्क्रीनशॉटसकट. नवव्या मेलनंतर डोकं फिरलं आणि पॅनल पिशवीत घालून मी थेट त्यांच्या भोसरीच्या शेडवर गेलो. त्यांच्या बेंचवर आकडे खरंच चांगले येत होते. मी क्षणभर गार पडलो. मग पॅनल आणि पीसीच्या मधली छोटी डबी दिसली. यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा, 12 मेगाबिटवाला. त्यातून गेलं की पॅनल मुकाट फुल-स्पीडवर उतरतं, आणि तिथे दहा म्हणजे दहाच. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'फुल-स्पीड' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, कुणी वाचलं नव्हतं. डबी काढून केबल थेट लावली. नॉब रेंगाळला. कुणी काही बोललं नाही, चहा मागवला.

फर्मवेअर "पुढच्या लॉटला" सुधारणार होते. गिऱ्हाइकांकडे गेलेल्या पॅनलांचं काय, तर ते माझ्या गळ्यात. पण या चुकीसाठी कर्नलमध्ये क्वर्क, म्हणजे चुकार डिव्हाइस सांभाळून घ्यायची सोय, तयारच आहे, म्हणजे ही चूक करणारे हे पहिले नव्हेत. कर्नल 4.17 पासून बूटच्या ओळीत यूएसबीकोअरच्या क्वर्क्स पॅरामीटरला व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि 'एल' हे अक्षर दिलं की भागतं, कर्नल बांधायची गरज नाही. चुकून 'एच' देऊ नका, ते आकडा मायक्रोफ्रेममध्ये (125 मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत) आहे असं धरतं आणि पॅनलला दर मिलिसेकंदाला विचारत सुटतं. चालू मशीनवर सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींतून) दिलंत तर पॅनल काढून पुन्हा लावा. माझा अर्धा तास त्यात गेला.

लावल्यावर डीमेसेजमध्ये ओळ आली: बीइंटरव्हल 10 अवैध, बदलून 7. सात म्हणजे 8 मिलिसेकंद. नॉब लोण्यासारखा फिरला आणि मी उगाचच दहा मिनिटं फिरवत बसलो.

हो, एक राहिलंच. एलएसयूएसबीवर डोळे फोडू नका. डीबगएफएसच्या (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींच्या) यूएसबी फोल्डरमधल्या 'डिव्हाइसेस' फाइलीत कर्नल स्वतः हिशेब करून 64 मिलिसेकंद असं चक्क लिहून ठेवतो. हे मला सगळं संपल्यावर कळलं.

नवा लॉट आला. बीइंटरव्हल 7 केलाय, पण डिव्हाइसचा आवृत्ती क्रमांक तोच ठेवलाय, त्यामुळे जुनं-नवं पॅनल ओळखता येत नाही. क्वर्क नव्यालाही लागतो आणि सातचा सहा करतो, म्हणजे 4 मिलिसेकंद. चालतं, म्हणून सोडून दिलं. त्यांच्याकडचं तिकीट बंद झालंय. शेरा: "ग्राहकाच्या होस्टमध्ये दुरुस्ती केली."