आमची वाटचाल: 12 सेंटिमीटर आणि विचारून लिहिलेला आकडा

घरं-गोदामांची किंमत ठरवून देणारी आमची मूल्यांकन फर्म बुडायला आली ती 12 सेंटिमीटरमुळे. अंतर मोजायच्या लेझर मीटरमध्ये माप पुढच्या कडेपासून धरायचं की मागच्या, याचं सेटिंग असतं. आमच्या मुलाने यंत्राची मागची कड भिंतीला टेकवली, सेटिंग मात्र पुढच्या कडेचं. यंत्राची लांबी प्रत्येक मापातून गळाली. 3 गुणिले 4 मीटरची खोली 2.88 गुणिले 3.88 झाली, म्हणजे 12 चौरस मीटरचे 11.17. या खोलीचे जवळपास सात टक्के गेले, आणि अशी गळती प्रत्येक खोलीत. त्या घराच्या मालकाचं कर्ज अडलं, आमचं नाव गेलं.

चूक आमचीच. पण त्याच वर्षी एका दुसऱ्या कार्यालयाने आमची निम्मी कामं उचलली ती जागेवर पाऊलही न टाकता. गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘मूल्य किती दाखवायचंय?’ हे अजून सलतं.

तेव्हा एकच गिऱ्हाईक टिकलं, एक गोदाममालक. त्यांनी दोघांचे अहवाल शेजारी ठेवले आणि फरक विचारला. वार्षिक भाडं 8 लाख. आम्ही रिकाम्या काळाचे 80 हजार, कर, विमा, दुरुस्तीचे 1 लाख 20 हजार वजा केले. निव्वळ 6 लाख. त्याला परताव्याच्या दराने, म्हणजे अशा जागेत पैसे गुंतवणारा वर्षाला जेवढ्या टक्क्यांची अपेक्षा धरतो त्याने, भागायचं: 8 टक्क्यांनी मूल्य 75 लाख. समोरच्याने काहीच वजा न करता 8 लाखांना 6 टक्क्यांनी भागलं: 1 कोटी 33 लाख. दर 6 का, याचं एक ओळ स्पष्टीकरण नाही. मालकांनी मोठ्या आकड्याचा अहवाल परत पाठवला. पुढे मोजणीला ते स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभे राहायचे.

हे झालं भाड्यावरून. तुलनेच्या पद्धतीत, म्हणजे विकल्या गेलेल्या तशाच घरांवरून मूल्य काढताना, अधिक-उण्याच्या चिन्हाची चूक फार होते. विकलेलं घर तुमच्यापेक्षा सरस असेल तर त्याच्या किमतीतून वजा करायचं, तुमच्या घरात मिळवायचं नाही. आणि तुलना करायची ती प्रत्यक्ष पार पडलेल्या सौद्यांशी. जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, भाव नव्हे. सौदा जुना असेल तर मधल्या काळातला बाजाराचा चढउतारही धरावा लागतो.

तिसरी खर्चाची पद्धत, म्हणजे बांधकाम उभारायला किती लागेल यावरून मूल्य काढणं. त्यात जमीन वेगळी, बांधकाम वेगळं. इमारत 20 वर्षांची, एकूण आयुष्य 60, शेवटी उरणारी किंमत 10 टक्के, तर सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी सारखाच धरून, घसारा (वयामुळे झालेली घट) 30 टक्के. स्वयंपाकघरावर केलेला खर्च जसाच्या तसा मूल्यात उतरत नाही, हे ऐकून मालक हमखास रुसतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो: अहवाल कशासाठी आणि कोणत्या तारखेचा, हे पहिल्या पानावर आहे का बघा. विम्याला बांधकाम पुन्हा उभारायचा खर्च लागतो, जमीन नाही, विक्रीला दोन्ही. भेटीच्या दिवशी मालकीचा दस्त, मंजूर नकाशा, भाडेकरार, तारखेसकट दुरुस्तीची बिलं काढून ठेवा आणि एकही खोली कुलूपबंद ठेवू नका. न पाहिलेली खोली आम्ही अहवालात ‘न पाहिलेली’ अशीच लिहितो.

लेझर आजही वापरतो. पण कामाला हात घालण्याआधी एकच भिंत लेझरने आणि पोलादी टेपने मोजतो, आणि दोन्ही मापं वहीत शेजारी लिहितो.