आमची वाटचाल: निरंक लिहिण्याआधी

रस्त्याच्या कामात पुरातत्त्ववाल्यांना सगळ्यात शेवटी बोलावतात आणि बिलही त्यांचंच शेवटी निघतं. हे कळायला आम्हाला पहिलाच हंगाम पुरला. नागपूरच्या चहूबाजूंनी बायपास आणि रुंदीकरणं निघत होती. डीपीआरवाल्याला, म्हणजे रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल करणाऱ्याला, अहवालात वारसास्थळांचं एक प्रकरण लागायचं, ते भरून देणं हा आमचा धंदा. आम्ही खोदत नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. आम्ही चालतो. चेनेज, म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेवरची अंतराची मापं, धरून चौघं पाच-पाच मीटरवर उभे राहतो आणि मान खाली घालून निघतो.

सामान फार नव्हतं. एक जुनं टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र), दोन लाल-पांढरे रेंजिंग रॉड (रेषा धरायच्या काठ्या), टेप, आणि एक बुरूश. तो बुरूश अजून आहे, केस निम्मे झालेत. दगडावरची माती झटकली की कपमार्क, म्हणजे वाटीएवढे कोरलेले खळगे, दिसतात का ते त्यानेच कळतं. नागपूरजवळच्या जुनापाणीला शिलावर्तुळं आहेत, म्हणजे लोहयुगातल्या लोकांनी आपल्या दफनांभोवती गोल मांडलेले मोठे गोटे; त्या दगडांवर ते आहेत. तिथे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 19व्या शतकातच खोदून पाहिलं होतं. पुढे माहुरझरीला तांब्याचे दागिने घातलेले घोडे सापडले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी.

आता ज्या खदानीने आम्हाला बुडवलं ती.

अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची आखणी, आम्ही नीट पाहिली होती. राइट ऑफ वेच्या, म्हणजे रस्त्यासाठी घेतलेल्या पट्ट्याच्या, आत काही नव्हतं, 'निरंक' लिहिलं, सही केली. भराव घालायला मुरूम कुठून येणार हे आम्ही विचारलं नाही आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही. तो आला रस्त्यापासून दीडेक किलोमीटरवरच्या एका टेकाडावरून. शिलावर्तुळं बहुधा मुरमाड, नापीक उंचवट्यावरच असतात. ज्या जमिनीत पेरता येत नाही तिथे त्या लोकांनी आपले मृत पुरले, आणि आपल्याला मुरूमही तिथेच मिळतो! गावातल्या एका मास्तरांनी बोलावलं तेव्हा पोकलेनने अर्धं वर्तुळ उचललेलं होतं. कापलेल्या कडेला मुरमाचा भराव वेगळ्या रंगाचा दिसत होता, त्यात काळ्या-तांबड्या खापराचा काठ. मी तो हातात घेतला नाही, स्केल ठेवून फोटो काढला.

बोट मात्र आमच्याकडे दाखवलं गेलं. 'तुम्ही तर निरंक दिलं होतं.' बिल थांबलं. टोटल स्टेशन विकलं. भागीदार शिकवायला निघून गेला, त्याला दोष देत नाही.

त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्याचं काम ज्यांना मिळालं त्यांच्याकडे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडारची, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खाली काय आहे ते पाहणाऱ्या यंत्राची, गाडी होती. भर पावसाळ्यात, ओल्या काळ्या मातीत. ही चिकणमाती रडारची लहर गिळून टाकते, हे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतही असतं. पण रंगीत पट्टे छापले, बैठकीत फिरवले आणि शेवटी तेच लिहिलं: निरंक. त्यांचे बूट मात्र कोरडे होते, हे मी पाहिलंय. रडार वाईट नाही हो. मुरमाड, कोरड्या जागी मीही भाड्याने आणतो.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं ते एका खदानवाल्या भाऊंनी. शिक्षण चौथीपर्यंत. एके दिवशी फोन आला, "साहेब, गोटे गोल दिसून राह्यले, येऊन पाह्यता का?" गेलो. लँटाना हटवला तर बारा मीटर व्यासाचं वर्तुळ, एक दगडही हललेला नाही. भाऊंनी खदान पलीकडे सरकवली, आमचे पैसे खिशातून दिले आणि पावती नको म्हणाले. मी पावती दिलीच. तेव्हापासून ते नवं काम घेतलं की आधी आम्हाला नेतात. नंतरची वर्षं बरी गेली.

नव्या मुलांना एवढंच सांगतो. कंत्राटदाराकडून बॉरो एरिया (जिथून माती-मुरूम उचलतात ती जागा), प्लांट आणि लेबर कॅम्प यांचे नकाशे लेखी मागा. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, रचलेले मोठे गोटे शेतकऱ्याने कुठून आणले ते विचारा. म्हाताऱ्या माणसाला गावाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, कुठे होती ते विचारा. सकाळी किंवा दिवस कलताना चाला, तिरप्या उजेडात उंचवटे दिसतात. प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा आणि 2010 ची दुरुस्ती तोंडपाठ करा, पण 100 मीटर मनाई आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण हे संरक्षित स्मारकाभोवतीच असतं. टेकाडावरच्या बेवारस वर्तुळाला तेही नाही. त्याला फक्त आपली नोंद.

आता आमच्या अहवालात 'निरंक'च्या खाली एक ओळ असते: खदानींची जागा आम्ही पाहिली, किंवा ती आम्हाला पाहू दिली नाही, यांतलं जे खरं ते. दोन कन्सल्टंटनी ती काढायला सांगितली. आम्ही काढली नाही, आणि त्यातल्या एकाने पुन्हा बोलावलं नाही.

त्या पहिल्या रस्त्याचं बिल अजून आलेलं नाही. तिसऱ्या स्मरणपत्राची शिक्का मारलेली पोच माझ्या कपाटात आहे, बुरशाच्या शेजारी.