रॉकेलवाला

जानेवारीतली दुपार. जपानातल्या नागानोकडच्या खेड्यात चार वाजताच ऊन डोंगराआड जातं आणि रस्त्यावरून एक छोटा टँकर गाणं वाजवत येतो. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला वाटतं, आइस्क्रीमवाला. इतक्या थंडीत? तो असतो रॉकेलवाला.

रॉकेल म्हटलं की आपल्याला रेशनची रांग, नरसाळं आणि पंप मारून पेटवायचा भर्रर्र आवाजाचा स्टोव्ह आठवतो. आपल्या रेशनच्या रॉकेलला निळा रंग असायचा. तिकडे तेल पाण्यासारखं नितळ आणि रंग डब्याला, पूर्व जपानात लाल, पश्चिमेकडे निळा. ऊन लागलं की तेल खराब होतं, म्हणून रंगीत डबा. तो १८ लिटरचा. भरला की नुसतं तेलच साडेचौदा किलोच्या आसपास भरतं. गावात उरलेत बहुतेक सत्तरीपुढचे. टँकर दारात येतो तो त्यांच्यासाठी. आपण गाडीतून आणणार असू, तर झाकणातलं रबर आधी बघावं. ते झिजलेलं असलं तर एका वळणात डिकी उन्हाळ्यापर्यंत वास मारते.

भाडं स्वस्त म्हणून जुनं लाकडी घर घेतलं की कळतं, इथं घर गरम करत नाहीत, माणसाला गरम करतात. कोतात्सूत, म्हणजे खाली हीटर आणि वरून रजई असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय, पाठीला थंडी. खोलीसाठी रॉकेलचा हीटर. पंख्याचा हीटर झटपट तापतो, पण त्याला वीज लागते; बर्फाने तारा तुटल्या की तो नुसता डबा. वातीच्या स्टोव्हला वीज नको, वर किटली ठेवता येते, फक्त नव्या वातीला पहिल्यांदा तेल घातल्यावर अर्धा तास भिजू द्यावं. पंख्याचा हीटर सारखा विझायला लागला, तर दुरुस्तीवाल्याआधी घरातल्या केसांच्या स्प्रेची चौकशी करावी. त्यातलं सिलिकॉन जळून ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर पांढरा थर बसतो आणि यंत्राला वाटतं, ज्योत विझली. दोन्ही प्रकारांत तासाला एकदोनदा खिडकी उघडायचीच. धुराचं तर झालंच, शिवाय एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत सुटतं. मग काचांवरून पाणी ओघळतं आणि कपाटामागच्या तातामीला, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईला, बुरशी येते.

पाण्याचं प्रकरण याहून वाईट. उणे चारच्या खाली पारा जाणार असेल, तर रात्री नळातलं पाणी काढून टाकतात. त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो 'पाणी काढा'कडे पूर्ण फिरवायचा, मग शॉवरसकट सगळे नळ उघडायचे. हवा आत शिरल्याशिवाय नळीतलं पाणी खाली उतरत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट फिरवून सोडला, तर पाणी रात्रंदिवस जमिनीत मुरत राहतं आणि समजतं ते बिल आल्यावर. तरीही नळ गोठलाच, तर उकळतं पाणी ओतू नये, नळी फुटते. फडकं गुंडाळून वरून कोमट पाणी, हळूहळू.

गावी जाताना घरातले सगळे प्लग काढायचे, हा आपल्याकडचा पक्का संस्कार. महिनाभर पुण्याला निघालेला माणूस गीझरचाही प्लग काढतो. गीझरच्या आत गोठण्यापासून वाचवणारा छोटा हीटर असतो आणि तो विजेवरच चालतो. परत आल्यावर नव्या गीझरची किंमत विचारायची. तो एक प्लग तेवढा राहू द्यावा, काटकसर दुसरीकडे करावी.

एप्रिलमध्ये उरलेलं रॉकेल पेट्रोलपंपावर विचारून परत द्यावं. गेल्या वर्षीचं तेल पिवळट होतं, आंबूस वास मारतं आणि वातीवर डांबर चढवतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बहुतेक शेडांत अर्धा लाल डबा असतोच, 'चांगलं आहे अजून' म्हणून ठेवलेला. परदेशी माणूसही दुसऱ्या वर्षी ठेवायला लागतो.