लायसन्स बोर्डातच होतं

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एका काकांची तक्रार होती, लॅपटॉपवर नेट स्लो असल्याची. घरच्या कॉम्प्युटरचं काहीही बिनसलं तरी तक्रार तीच असते. प्रिंटर अडला तरी लोक "नेट गेलं वाटतं" म्हणतात. कनेक्शनवाल्यांचा माणूस आधीच येऊन राउटर बदलून गेला होता. राउटर बदलला की त्यांच्याकडची तक्रार बंद होते, मग लॅपटॉपकडे कशाला बघतोय तो! त्याच खोलीत, त्याच वायफायवर काकांच्या मोबाइलला मात्र उत्तम स्पीड येत होता.

लॅपटॉपवर काहीच चालू नसताना पंखा भणाणत होता. कोणता प्रोग्रॅम किती ताण देतोय ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसरचा वापर झरकन पाच टक्क्यांच्या आत आणि पाठोपाठ पंखाही गप्प. बंद केला की पुन्हा घरघर. काका म्हणाले, "तुम्ही आलात की बरोबर चालतो बघा." हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, पण इथे ते शब्दशः खरं होतं. दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचं मायनिंग करणारे, म्हणजे त्याचा प्रोसेसर राबवून डिजिटल चलन कमावणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसला की काम थांबवतात. मग प्रोसेस एक्सप्लोरर हे तसंच दुसरं टूल, चोराला ओळखू येऊ नये म्हणून फाइलचं नाव बदलून चालवलं, तेव्हा चोर सापडला. नाव विंडोजच्याच एका प्रोसेसचं, पण चालत होता भलत्याच फोल्डरमधून. अँटिव्हायरस चालू होता, हिरवी टिकही होती. फक्त 'हे तपासू नकोस' या यादीत कुणीतरी अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवला होता.

असं कुणी करतं तेव्हा मी आधी लायसन्स बघतो. विंडोज प्रो, व्हॉल्यूम म्हणजे एकगठ्ठा लायसन्स, आणि ॲक्टिव्हेशन केएमएस पद्धतीचं. ही सोय मोठ्या ऑफिसांसाठी आहे: त्यांचा स्वतःचा सर्व्हर असतो, त्याच्याकडे हजेरी लावली की कॉम्प्युटर १८० दिवस ॲक्टिव्हेट राहतो. घरात कुठला आलाय असला सर्व्हर! बेकायदा ॲक्टिव्हेटर त्या सर्व्हरचं सोंग घेतो, आणि चालावा म्हणून अँटिव्हायरसच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला लावतो. त्याच्यासोबत आणखी काय आत येतं ते मग कोण बघणार?

"दर सहा महिन्यांनी कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा असं येतं," काका म्हणाले. "आमच्या ओळखीचा एक मुलगा येऊन करून देतो. पैसे घेतो, पण हाक मारली की येतो बिचारा."

काका आयुष्यभर हिशेबात राहिलेले. लॅपटॉपचं मूळ बिल फाइलमध्ये पंच करून ठेवलेलं, आणि त्यावर स्वच्छ छापलेलं: विंडोज होम. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपची की, म्हणजे लायसन्सचा कोड, साधारणपणे मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये असते. पूर्वीसारखं खाली स्टिकर शोधावं लागत नाही. एक ओळीची कमांड दिली आणि पंचवीस अक्षरांची की स्क्रीनवर आली. ती होमची. मुलाने टाकलेलं प्रो, म्हणजे वेगळीच आवृत्ती. म्हणून ती कधी लागलीच नाही. प्रो म्हणजे भारी, एवढाच त्यामागचा विचार.

काका बराच वेळ त्या कीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पैसे भरूनही मी चोरीचंच वापरत होतो?"

मला यावर धड उत्तर देता आलं नाही.

असलं मशीन साफ करत बसण्यात अर्थ नसतो. फोटो आणि कागदपत्रं काढून घेतली, बँकेचे आणि मेलचे पासवर्ड काकांच्या मोबाइलवरून बदलायला लावले आणि डिस्क कोरी करून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं विंडोज टाकलं. सेटअपने की विचारली नाही, होम की प्रो तेही विचारलं नाही. नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेट होऊन मोकळं. इतकं सोपं काम होतं हे.

काकांनी त्या मुलाला माझ्यासमोरच फोन लावला. आवाज चढवला नाही. "लायसन्सचे म्हणून घेत होतास ना रे दर वेळी?" तो म्हणाला, "काका, मी सगळीकडे हेच टाकतो. कुणाचीच कंप्लेंट नाही."

त्यातलं 'सगळीकडे' माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो लुच्चा असता तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण बोर्डात की असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. पेनड्राइव्ह त्याला कुणीतरी दिलेला, त्या कुणालातरी आणखी कुणी. आमच्या धंद्यात शिकवणारे असेच भेटतात. आणि गिऱ्हाइकालाही झटपट येणारा माणूस हवा असतो, तो आत काय टाकतोय ते कोणी विचारत नाही.

रविवारी काकांनी त्याला घरी बोलावलंय. मीही जाणार आहे. येताना नवा पेनड्राइव्ह आण म्हणून कळवलंय; त्यावर विंडोज कसं बनवायचं ते दाखवेन. जुना तिथेच माझ्यासमोर फॉरमॅट करायचा, आणि कुठल्या कुठल्या घरी टाकलंय त्याची यादी घेऊन यायची.