तुम्ही विचारलंत म्हणून: कवीच्या समाचाराला जाताना

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कवितेची जुनी मंडळी भेटली की हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. सत्तरच्या दशकात कवितेचे सायक्लोस्टाइलचे अंक (टंकलेल्या स्टेन्सिलवरून शाईने उमटवलेल्या प्रती) काढणारा, पुरस्कार-सत्कारांकडे पाठ फिरवलेला आपला मित्र आता थोड्या दिवसांचा सोबती आहे. त्याला भेटायला गेलं तर बोलावं काय? उत्तर असं, की बोलायचं फारसं नाही, कामं मात्र बरीच आहेत. त्यातली निम्मी तो शुद्धीवर असतानाच होण्यासारखी असतात.

आधी वेळेचं बघू. कर्करोगाच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी देतात आणि गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून घरच्यांना फोन करून गोळीची वेळ विचारावी. गोळीनंतर तासाभराने गेलात तर माणूस भेटतो, आधी गेलात तर नुसतं दुखणं भेटतं. वीस मिनिटं पुरे. एका वेळी दोघांहून जास्त नकोत. खुर्ची उशाशी ओढून बसावं. पायथ्याशी उभं राहून बोललं की त्याला मान उचलावी लागते. फळं नेऊ नयेत, ती शेवटी घरच्यांनाच संपवावी लागतात. न्यायचाच तर त्याचा एखादा जुना अंक न्या, आणि छपाईची चूक असलेला शोधून न्या. स्तुतीचा अशा माणसाला कंटाळा असतो, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मुद्रणदोषावर तो उशीला टेकून भांडू शकतो.

मोबाइल तोंडासमोर धरून ‘एक शेवटची कविता’ मात्र मागू नका. हा आगाऊपणा आहे.

कवी अरुण कोलटकर 25 सप्टेंबर 2004 रोजी पुण्यात गेले. त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत त्यांची पुस्तकं एकामागून एक आली. ‘भिजकी वही’सारखा मोठा ग्रंथ त्यांचे जुने मित्र अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. इकडेतिकडे विखुरलेल्या कवितांचं पुस्तक करायला त्यांनी कवी अरविंद कृष्ण मेहरोत्रांना सांगून ठेवलं होतं. ते 2009 मध्ये निघालं. मित्रांनी निरोप कसा घ्यावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. कुणी प्रुफं वाचली, कुणी कविता गोळा केल्या.

तेव्हा मित्राच्या जुन्या अंकांचा नि कागदांचा गठ्ठा उशाशी न्या आणि विचारा. अंकावर तारीख नाही, हा कुठल्या साली काढला? अनियतकालिकच ते, तारीख असणार कुठून. स्टेन्सिल कुणी टंकलं? हे टोपणनाव कुणाचं? एकाच कवितेचे तीन खर्डे आहेत, यातला कुठला धरायचा? फोटोत डावीकडून तिसरा कोण? दिवसाला चार-पाच प्रश्न, त्याहून जास्त नकोत. उत्तरं वेगळ्या वहीत लिहावीत. मूळ कागदावर पेन टेकवू नये, क्रमांक घालायचाच तर मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला, कोपऱ्यात. आणि गठ्ठ्याचा क्रम बदलू नका. कवितेच्या खर्ड्याखाली वाण्याचं बिल असेल तर तिथेच राहू द्या, साल कळायला पुढे तेच उपयोगी पडतं.

कायद्याचं थोडक्यात. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक डॉक्टर असेल तर पुढे वाद कमी होतात. ज्याला कागद द्यायचे त्याला साक्षीदार करू नका. एक कलम कवींना सहसा माहीत नसतं: अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं आणि त्यात उलट काही म्हटलं नसेल, तर कॉपीराइटही त्याच्याकडे जातो. असं लेखन कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं तर हा हक्क प्रकाशनानंतरचं वर्ष लागल्यापासून 60 वर्षं टिकतो. ट्रंकेतल्या इतरांच्या पत्रांचं वेगळं. कागद त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्यामुळे ती परस्पर छापता येत नाहीत.

शेवटचे दोन-तीन दिवस आले की घरात तुळशीपत्र आणि गंगाजल निघतं. भावना कळते, पण तेव्हा गिळण्याची ताकद गेलेली असते आणि चमचाभर पाणीही श्वासनलिकेत उतरून ठसका लागतो. कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळावा, ओठांवरून आणि हिरड्यांवरून फिरवावा, दर तासा-दोन तासांनी. गंगाजल वापरायचं तर ते याच बोळ्यावर. ओठांना साजूक तुपाचं बोट लावलं तरी चालतं. घशात घरघर सुरू झाली की माणसं घाबरतात. त्याला अलगद कुशीवर वळवलं की बहुधा आवाज कमी होतो. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. या वेळी सलाइनचा आग्रह धरू नये, शरीराला ते पाणी पेलत नाही आणि घरघर वाढते. वाचून दाखवायचं असेल तर आत्ताच, कानाशी, नेहमीच्या आवाजात. त्याने आयुष्यभर चोरून आवडून घेतलेलं काही वाचा. बंडखोर कवी म्हणवणाऱ्यांनाही बहुधा तुकारामच लागतो.

क्रियाकर्म नको असं त्याने सांगितलं असेल तर ते बायकोमुलांसमोर आधीच वदवून आणि लिहून घ्यावं. खासवाडी स्मशानात ऐन वेळी मित्रांनी भावकीशी तत्त्वाचे वाद घालणं शोभत नाही. नेत्रदान करायचं असेल तर हातात सहा तास असतात. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. पंख्याचं नेमकं विसरतं.

मग खोली रिकामी करायची घाई सुटते. बडोद्यात ‘अभिरुची’ मासिक 1943 मध्ये निघालं, कवी दिलीप चित्रे इथलेच, चित्रकार गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी 1969 ते 73 ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवलं, हे आपण भाषणात सांगतो आणि माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवतो. सायक्लोस्टाइलचा कागद शाई पिणारा, खरखरीत आणि आम्लधर्मी असतो. आधी कडा पिवळ्या पडतात, मग घडीवर तुटतो. गंजलेली पिन चिमट्याने ओढली तर कागदाचा तुकडा बरोबर येतो. अंक पालथा ठेवून पिनेचे वळलेले दोन्ही पाय पातळ सुरीने सरळ करावेत, मग वरून अलगद उचलावी. सेलोटेप नको, डिंक पाझरून डाग पडतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. खिडकीच्या उजेडात, ऊन टाळून, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग सुती कापडात बांधून लोखंडी ट्रंकेत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि श्रावणापर्यंत बुरशी धरते. ओले झालेच तर 48 तासांच्या आत पंख्याखाली, टिपकागद बदलत सुकवा. भिजकी वही शीर्षक म्हणूनच बरी. आणि ट्रंक वरच्या मजल्यावर ठेवा. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते शेजाऱ्यांच्या भिंतीवर अजून दिसत असेल.