सेव्ह ॲज

इंटरनेटवर काही कामाचं दिसलं की लोक त्याची लिंक एकमेकांना पाठवतात, बुकमार्क करतात, नाहीतर ‘नंतर वाचू’ म्हणून टॅब तसाच उघडा ठेवतात. माझा हात मात्र आपोआप कंट्रोल-एसकडे जातो. पान आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, मग सवडीने वाचायचं. ती सवड पुष्कळदा मिळत नाही, तो भाग वेगळा. आईच्या गादीखालच्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि माझं ‘उपयोगी’ नावाचं फोल्डर एकाच जातकुळीचं आहे, असं बायकोचं स्पष्ट मत आहे.

सवय लागली ती गरजेपोटी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण आम्हा डोंबिवलीकरांच्या हाती ते लागलं पुढे काही वर्षांनी, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. तिथे तासाचे पैसे. निम्मा तास पान उघडण्यातच जायचा, त्यामुळे बसून वाचणं ही चैन होती. दिसेल ते फ्लॉपीवर घ्यायचं आणि घरी पळायचं. फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी, म्हणजे आजच्या मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा धड मावणार नाही. शिवाय कॅफेवाला व्हायरसच्या भीतीने फ्लॉपी घालू द्यायला कुरकुर करायचा. पुढे घरी मोडेम आला, तर तेवढा वेळ फोन अडकून पडायचा आणि ‘तुमचा फोन सारखा एंगेज का?’ म्हणून आत्या रागवायची. मग पान उघडायचं, सेव्ह करायचं, कनेक्शन तोडायचं आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या मेन्यूतलं ‘वर्क ऑफलाइन’ दाबून निवांत वाचायचं. आता घरात चोवीस तास नेट आहे, तरी कंट्रोल-एस काही सुटलेलं नाही.

असं एखादं पान उतरवलं की नक्की काय काय उतरतं, हे एकदा उघडून बघण्यासारखं आहे. ‘वेबपेज, कम्प्लीट’ निवडलं की एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि तिच्याच नावाला ‘_फाइल्स’ अशी शेपटी लावलेलं एक फोल्डर. मजकूर फाइलीत, चित्रंबित्रं फोल्डरात. विंडोजमध्ये एकाला डिलीट केलं की दुसरंही सोबत जातं. पण कुणाला मेलने पाठवताना नुसती फाइल जोडली, की समोरच्याला चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात आणि तो आपल्यालाच फोन करतो. त्या फोल्डरात डोकावलं तर मजकुराशी देणंघेणं नसलेला केवढा तरी पसारा सापडतो. बाणांची चित्रं, फेसबुकचं बटण, जाहिरातींचे तुकडे, आणि एक पिक्सेल बाय एक पिक्सेल एवढं पारदर्शक चित्र, जे आपल्याला दिसण्यासाठी नसतंच. आपण पान उघडलं ही खबर कुठेतरी पोचवणं एवढंच त्याचं काम. आपल्याला हवे असतात दोन परिच्छेद, येतं अख्खं वऱ्हाड.

तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी वरच्या बाजूला एक ओळ दिसते. ‘सेव्ह्ड फ्रॉम यूआरएल’, पुढे कंसात चार आकडी संख्या आणि मग पानाचा पत्ता. ती संख्या म्हणजे त्या पत्त्यात किती अक्षरं आहेत त्याची मोजदाद. इंटरनेट एक्स्प्लोरर, क्रोमसारखे ब्राउझर ही ओळ स्वतःहून लिहितात, मूळ पानात ती नसते. हे पान बाहेरून आलेलं आहे, त्याला घरच्यासारखी मोकळीक देऊ नकोस, असं कॉम्प्युटरला सांगण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ही खूण काढली. माझ्यासारख्याला तिचा उपयोग एवढाच, की पान कुठून उचललं ते अनेक वर्षांनीही कळतं.

दोन-दोन वस्तू सांभाळण्याची कटकट नको म्हणून सगळं एकाच फाइलीत कोंबायच्या तऱ्हाही निघाल्या. १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये एमएचटी नावाची अशी फाइल आली. फायरफॉक्सवाल्यांनी जोड-प्रोग्राम बसवून एमएएफएफ नावाची तशीच दुसरी फाइल चालवली. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि जुने जोड-प्रोग्राम एका रात्रीत बाद झाले. एमएएफएफमध्ये पानं साठवणारे हवालदिल. बाकी ती फाइल म्हणजे आतून साधी झिप असते; नावाचं शेपूट बदलून झिप केलं की उघडते. हल्ली मी सिंगलफाइल नावाचं एक्स्टेंशन वापरतो. ते चित्रांसकट सगळं एकाच एचटीएमएलमध्ये बसवतं आणि कुठल्याही ब्राउझरला ती फाइल चालते. फक्त आधी पान तळापर्यंत सरकवून घेतलेलं बरं. आजकालच्या पानांवरची चित्रं आपण तिथवर पोचल्याशिवाय येतच नाहीत.

मराठी पानांचं दुखणं आणखी निराळं. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्टही आला. पण आपली संकेतस्थळं त्यानंतरही बरीच वर्षं आपापल्या खासगी फॉन्टवर चालत होती. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असे. म्हणजे फाइलीत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट आहे तोवर लेख, फॉन्ट गेला की कंस, डॉलर आणि अर्धविरामांची भेळ. माझ्याकडे एका दिवाळी अंकातला कोकणच्या कातळावरचा एक लांबलचक लेख असाच पडून आहे. अक्षर न् अक्षर शाबूत आहे आणि एकही शब्द वाचता येत नाही. त्या काळची पानं ज्यांनी उतरवली त्यांनी फॉन्टची फाइलही शेजारी ठेवली असेल तर ते सुखी. बाकीच्यांना फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर शोधत हिंडावं लागतं, आणि त्यातून मजकूर निघालाच तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला असतो.

‘पण सेव्ह कशाला? नेटवर आहेच की!’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नेटवर ‘असतंच’ असं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. जिओसिटीज या संकेतस्थळावर लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ‘नंतर वाचू’ म्हणणाऱ्यांची सोय करणारं पॉकेटसुद्धा जुलै २०२५ मध्ये गुंडाळलं गेलं. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. वेबपानांच्या जुन्या प्रती दाखवणारं त्यांचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे आणि त्याच्या जिवावर माझी कितीतरी कामं झालेली आहेत. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावरही सायबर हल्ला झाला आणि काही दिवस तेही बंद होतं. जगाची भिस्त एकाच माळ्यावर ठेवू नये, असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि पान नाहीसं होणं तरी परवडलं, निदान ते कळतं. कळत नाही ते बदललेलं पान. पत्ता तोच, मथळा तोच, आतला मजकूर मात्र गुपचूप दुसरा. छापलेल्या पुस्तकात दुसऱ्या आवृत्तीवर तसं छापावं लागतं. वेबपानावर सगळा कारभार कायम आजचा. काल इथे काय होतं, हे त्या पानालाच विचारायची सोय नाही. उतरवलेलं पान म्हणून मला महत्त्वाचं वाटतं: त्यात त्या दिवशी जे होतं ते असतं, मागून कुणी हात लावलेला नसतो.

याचा सगळ्यात रोकडा उपयोग मला झाला तो सोसायटीत. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सेक्रेटरी, म्हणजे कुणीच तयार नव्हतं म्हणून झालेला. दरवर्षी सर्वसाधारण सभेत गच्चीवर खुर्च्या मांडल्या की बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून संस्था घेते त्या जादा पैशांचा, विषय निघतोच. फ्लॅट भाड्याने दिलेले एक सभासद तावातावाने म्हणाले, ‘हे दहा टक्के तुम्ही कुठून आणलेत?’ दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘दहा कसले, पंचवीस लावा! भाडेकरू दिवसभर लिफ्ट वापरतात.’ मग दोन्हीकडचे मोबाइल बाहेर निघाले आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या संकेतस्थळावर वेगळं उत्तर मिळालं. कुणाचं जुनं, कुणाचं दुसऱ्या राज्याचं, कुणाचं नुसतं एका वकिलाच्या ऑफिसची जाहिरात. गच्चीवर रेंजही यथातथाच.

मी लॅपटॉप उघडला. १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालचा: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. त्याच्याच शेजारी ९ ऑगस्ट २००१ चं हस्तांतरण शुल्काचं (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना संस्था घेते त्याचं) परिपत्रक, कमाल मर्यादा २५,००० रुपये. मुलगा, मुलगी, भाऊ असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर बिनभोगवटा शुल्क नाही, हेही पहिल्या आदेशात होतं. ते ऐकल्याबरोबर ते सभासद म्हणाले, ‘अहो, भाडेकरू माझ्या मेव्हण्याचा मित्र आहे.’ एकच हशा झाला आणि विषय संपला. काका मात्र सभा उठेपर्यंत पंचवीसवर ठाम होते.

दुसरा प्रसंग देवगडकडचा. चतुर्थीला आमच्या गावी अख्खी मुंबई उतरलेली असते आणि टॉवर एकच. भटजींना सगळ्या घरी पोचायला दुपार होते, म्हणून हल्ली पुष्कळ घरांत पूजा मोबाइलवरच्या पोथीवर होते. दर वर्षी बरोबर प्राणप्रतिष्ठेच्या वेळी कुणाच्या तरी मोबाइलवर गोल फिरायला लागतं आणि यजमान ओली दर्भाची काडी हातात धरून ताटकळत बसतो. आमच्या घरी मी निघण्यापूर्वी पूजाविधी, अथर्वशीर्ष आणि मंत्रपुष्पांजली उतरवून नेतो. फक्त त्या पानात मंत्रांच्या मधोमध गृहकर्जाची एक जाहिरात कायमची बसली आहे, त्या वर्षीच्या व्याजदरासकट. थोरल्या काकांना चष्म्यातून रंगातला फरक कळत नाही. त्यांनी ‘ताम्हनात उदक सोडावे’ नंतर त्याच सुरात ‘आजच अर्ज करा’ असंही वाचलं. चुलतभावाने उदक सोडलं.

खरं काम पान उतरवण्यात नसून त्याला नाव देण्यात आहे, हे सांगायलाच हवं. कॉम्प्युटर आपणहून जे नाव देतो त्याला काही अर्थ नसतो. ‘होम’, ‘होम (१)’, ‘अनटायटल्ड’. शासन निर्णय उतरवला तर फाइलीचं नाव म्हणजे वर्ष-महिना-दिवसापासून सुरू होणारा एक लांबलचक संकेतांक. मराठी पत्ता असेल तर बघायलाच नको. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना आणि हलन्त धरून, पत्त्यात नऊ-नऊ चिन्हं खातं: टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार किंवा पाच, असं सुरू होऊन पुढे आणखी तीन. ‘महाराष्ट्र’ एवढा एक शब्द लिहायला ९० चिन्हं. विंडोजमध्ये फोल्डरांच्या उतरंडीसकट फाइलीचं पूर्ण नाव साधारण २६० चिन्हांत बसवायची जुनी मर्यादा आहे, त्यामुळे असं नाव तसंच ठेवलं तर फाइल हलवताना ती अडून बसते. म्हणून मी आधी तारीख, मग विषय, मग कुठून घेतलं ते, असं मराठीत साधं नाव देतो. कंटाळवाणं काम आहे. रविवारी दुपारी, मॅच चालू असताना बरं होतं.

सगळंच मी उतरवत नाही. बातम्या नाहीत, तब्येतीचे सल्ले तर मुळीच नाहीत. ते घरात असले की माणूस उगाच वाचत बसतो. विकिपीडियाही एकेक पान करून घेत नाही, त्यासाठी किविक्स हा नेटशिवाय वाचायचा प्रोग्राम आहे. त्याच्यावर अख्खा विकिपीडिया एका फाइलीत मिळतो. चित्रांसकट इंग्रजी घ्यायचा तर शंभर जीबीच्या आसपास जागा लागते, मराठीचं काम त्याच्या कितीतरी कमीत भागतं. मी ठेवतो ते आदेश, परिपत्रकं, बंद पडलेल्या वस्तूंच्या माहितीपुस्तिका, आणि कुणीतरी स्वतः हातांनी करून बघून लिहिलेलं असं काही. टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हची दुरुस्ती फोटोंसकट लिहिणारा एक गृहस्थ होता. त्याचं संकेतस्थळ केव्हाच बंद झालं, आमची टाकी त्याच्या सांगण्याप्रमाणे अजून वाहायची थांबते.

मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता हे सगळं एआयला विचारायचं.’ विचारतो की. उत्तर छान येतं, मराठीही बऱ्यापैकी असते. पण गच्चीवर उभं राहून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना ‘मला एआय म्हणाला’ असं सांगून बघावं. त्यांना क्रमांक लागतो, तारीख लागते आणि खाली सही लागते.

या वर्षी मी पद सोडतो आहे. नव्या सेक्रेटरीबाई आल्या होत्या. शिक्के, शेअर सर्टिफिकेटांचं रजिस्टर आणि पंपाच्या खोलीची किल्ली ताब्यात घेतली. निघताना म्हणाल्या, ‘काका, ते तुमचं फोल्डरही द्या हं, पेन ड्राइव्हवर.’ बायकोने आतून ऐकलं. ‘मूळच घेऊन जा,’ म्हणाली.