सीपॅप, मे महिना आणि गच्चीवरची झोप

झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडतो, त्या स्लीप अ‍ॅप्नियासाठी मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी येतं, चार-आठ दिवस वापरलं जातं आणि मग कपाटावर जाऊन बसतं. का, तर म्हणे ‘जीव गुदमरतो’. अशा वेळी लोक आधी प्रेशरला दोष देतात. आधी बघायचा तो मास्क.

मास्क बसवायचा आडवं पडून आणि मशीन चालू ठेवून. आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क झोपल्यावर हमखास गळतो, कारण गालांचा आकार बदलतो. हवा चालू झाली की कुशन (मास्कची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची कड) चेहऱ्यापासून जरा उचलायचं, फुगू द्यायचं आणि अलगद टेकवायचं. मग पट्टे. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. गळतंय म्हणून करकचून आवळलं तर सिलिकॉनला घडी पडते, गळती वाढते, वर नाकाच्या दांडीला जखम. रात्री डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरलं की कुशन घसरतं, म्हणून झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवायचा आणि सकाळी कुशन ओल्या फडक्याने पुसायचं. भरघोस मिशी असेल तर नाकपुडीत टेकणारा छोटा मास्क मागून बघा. मिशी काढायला सांगणारे सल्लागार खूप भेटतील, आधी मास्क बदला. तोंड उघडं पडत असेल, तर मात्र नाक-तोंड दोन्ही झाकणारा लागतो.

आता आपल्याकडचं हवामान. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, हवा खडखडीत कोरडी. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी मशीनची पाण्याची टाकी, नसेल तर पहाटे घशाला कोरड पडते. खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर ह्युमिडिफायरचं सेटिंग थोडं खाली चालतं. हिवाळ्यात उलटं होतं. गार नळीत वाफेचं पाणी होतं, गुडगुड आवाज येतो आणि नाकावर थेंब पडतात. सेटिंग एक-दोन अंकांनी कमी करा, नळी गोधडीखालून घ्या आणि मशीन डोक्यापेक्षा खाली, स्टुलावर ठेवा, म्हणजे पाणी मास्ककडे येत नाही. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरचं पाणी उकळलं तरी क्षार जात नाहीत, पांढरा थर बसतोच. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नको. ते श्वासात जाण्यासाठी बनवलेलं नसतं. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी मागचा फिल्टर आठवड्याला बघावा. एरवी महिनाभर टिकणारा फिल्टर तिथे लवकर करडा पडतो. गच्चीवर झोपायचं असेल तर मशीन फरशीवर ठेवू नका, धूळ सरळ आत ओढली जाते.

लाईट गेली की हवा थांबते. नाक-तोंड झाकणाऱ्या मोठ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, पण तेवढ्या भरवशावर झोपू नका, मास्क काढा. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली की बॅटरी बरीच जास्त पुरते.

आता प्रेशर. मशीनची मर्यादा साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हे दाब मोजायचं एकक). रॅम्प (प्रेशर हळूहळू चढवायची सोय) ४ पासून सुरू होतो तेव्हा काहींना हवा अपुरी वाटते. डॉक्टरांना विचारून सुरुवातीचं प्रेशर ५-६ करता येतं. श्वास सोडताना अडतंय असं वाटलं, तर बहुतेक मशीनमध्ये त्यासाठी वेगळं सेटिंग असतं. सकाळी पोट फुगलेलं असेल तर हवा गिळली जातेय. हेही डॉक्टरांना सांगा, आणि रात्री दहाला भरीत-भाकरी हाणून लगेच आडवं होणं सोडा.

मुख्य प्रेशर मात्र स्वतः बदलू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या कुणाचं उचलूही नका. ग्रुपचा उपयोग आहे तो डिस्टिल्ड पाणी कुठे मिळतं, कुठला विक्रेता मास्क बदलून देतो, हे कळायला. पैसे देण्याआधीच विक्रेत्याला विचारा: दोन साइझ आडवं पडून घालून बघता येतील का? डॉक्टरकडे मशीनचं कार्ड किंवा अ‍ॅपमधला रिपोर्ट न्या. एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला किंवा उथळ झाला तो आकडा, ५ च्या खाली हवा, पण शेजारी गळतीचा आकडाही बघा. गळती मोठी असेल तर एएचआयवर विश्वास ठेवता येत नाही. घरच्यांनाही कामाला लावा: फुसफुस कुठून येते, तोंड कधी उघडं पडतं, हे त्यांनाच दिसतं.

मास्कची धास्ती असेल तर दिवसा टीव्ही बघताना घाला, आधी नळीशिवाय, मग हवेसह. आणि पहाटे तीनला काढून ठेवू नका. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच अधिक अडतो.

वापरलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल आणि सिरीयल नंबर आधी तपासा. २०२१ साली फिलिप्सने आतला फोम झिजतो म्हणून लाखो मशीन परत मागवली होती.